प्रश्न विद्यार्थ्याचा, पाठबळ कुणाचे?

विद्यार्थ्यांनी संशोधन करावे, याबद्दल आज कुणाचे दुमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी शिक्षणाचा नवा आराखडा जाहीर केला. त्यात चार वर्षांच्या पदवीसाठी 'संशोधनासह ऑनर्स' अशी एक वाट ठेवली आहे. चार वर्षांचे मिळून किमान १६० श्रेयांक आणि त्यांपैकी १२ श्रेयांक संशोधन प्रकल्पाचे, असा त्याचा हिशेब आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नवी रचना २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील नेहमीच्या महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात येते. त्या तुकडीतील काही मुले आज आपल्या परिचयाची असतील. पुढच्या तुकड्यांतील मुले तर आपल्याच शाळांत बसलेली आहेत.

या आराखड्याबरोबर 'आंतरविद्याशाखीय' हा शब्दही जागोजागी ऐकू येऊ लागला आहे. शब्द चांगला आहे, हेतूही चांगला आहे. तरीही एक गोष्ट तपासून पाहायला हवी. विद्यार्थ्यांच्या संशोधनाला पाठबळ म्हणून आपण जे काही देतो, ते नेमके कशाला मिळते? विद्यार्थ्याच्या प्रश्नाला, की त्या प्रश्नाच्या शेवटी तयार होणाऱ्या अहवालाला, पोस्टरला आणि प्रमाणपत्राला? माझे मत असे झाले आहे, की बहुतेक पाठबळ शेवटच्या वस्तूलाच मिळते आणि प्रश्न वाटेतच अनाथ होतो. हे मत कशावरून झाले ते मुंबईच्या उपनगरांतल्याच काही उदाहरणांवरून सांगतो.

पिंपळाचा प्रश्न

उपनगरातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीने मला एकदा विचारले होते, "जुन्या इमारतींच्या भिंतींतून पिंपळ आणि उंबर उगवलेले दिसतात, नव्या टॉवरांवर का दिसत नाहीत? की दिसायला अजून वेळ आहे?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधायला निघाले की किती दारे ठोठवावी लागतात ते पाहा. पिंपळ-उंबराची फळे पक्षी आणि वटवाघळे खातात आणि बिया विष्ठेतून इकडेतिकडे पडतात. तेव्हा कोणते पक्षी कुठे बसतात, हा प्राणिशास्त्राचा भाग झाला. बी रुजायला भेग लागते, ओल लागते. चुन्याच्या भिंतीत आणि सिमेंटच्या भिंतीत काय फरक, गळका पाइप किती ओल पुरवतो, हा बांधकामशास्त्राचा भाग. इमारतीचे वय किती, शेवटचा रंग केव्हा दिला, सोसायटी रोपे उपटते की धार्मिक भावनेने तशीच ठेवते, हा लोकांशी बोलून कळण्याचा भाग. आणि 'जुन्या इमारतींवर जास्त' हे आपल्याला नुसते वाटते की खरेच आहे, हे ठरवायला संख्याशास्त्र हवे.

या प्रश्नाचे पुढे काय झाले? "हे आपल्या विभागाचे काम नाही, सिव्हिलवाल्यांना विचार," असे तिला सांगण्यात आले. वर्षाअखेर तिने जो प्रकल्प सादर केला त्याचा विषय होता, पिंपळाच्या पानांच्या अर्काचा जिवाणूंवर होणारा परिणाम. अर्क काढायची कृती ठरलेली, पेट्री बशा प्रयोगशाळेत तयार, निष्कर्षही जवळपास ठाऊक. प्रकल्प वेळेत झाला आणि गुणही चांगले पडले. कुणाही शिक्षकाने तिच्याशी वाईट वर्तन केले नाही. व्यवस्थेने तिला मदतच केली. फक्त ती मदत तिच्या प्रश्नाला मिळाली नाही.

असे अर्कांचे प्रकल्प किती होतात हे महाविद्यालयीन शिक्षकांना सांगायला नको. पान बदलते, जिवाणू बदलतो. बाकी सारे तेच.

दोन विषय शेजारी ठेवणे पुरेसे नाही

आंतरविद्याशाखीय काम म्हणजे काय, याबद्दलही बराच गोंधळ आहे. अहवालात एक प्रकरण रसायनशास्त्राचे आणि एक अर्थशास्त्राचे असले, की तो आंतरविद्याशाखीय झाला असे मानले जाते. एका विषयात अडून बसलेली गाठ दुसऱ्या विषयाच्या साधनाने सुटते, तेव्हाच या शब्दाला अर्थ येतो.

आपल्याकडचे एक उत्तम उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे आहे. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. प्राचीन भारतातील चांदीच्या आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते, वर्ष नसते. असतात ती फक्त ठशांची चिन्हे. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे कसे ठरवायचे? कोसंबींनी १९४० च्या सुमारास या नाण्यांकडे गणिती नजरेने पाहिले. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. टांकसाळीतून बाहेर पडताना सगळ्यांचे वजन जवळपास सारखे असेल, तर जो गट जास्त काळ चलनात राहिला त्याचे सरासरी वजन कमी होणार आणि त्यातील नाण्यांच्या वजनांत तफावतही जास्त पडणार. तक्षशिलेच्या साठ्यातील नाणी काटेकोरपणे तोलून त्यांनी हे तत्त्व वापरले. इतिहासाची अडचण संख्याशास्त्राने सोडवली आणि त्यासाठी लागणारे उपकरण होते तराजू.

शाळेतही हा प्रयोग करता येतो. एकाच प्रकारची, पण वेगवेगळ्या वर्षांची नाणी जमवावीत, रसायनशास्त्राच्या तराजूवर तोलावीत आणि वर्षानुसार सरासरी काढावी. पोलादाची नाणी चांदीपेक्षा कठीण असतात, त्यामुळे झीज दिसेलच असे नाही. दिसली नाही तर का दिसली नाही, हाच पुढचा प्रश्न.

पवईचा 'प्रथम'

आता विद्यार्थ्यांनीच केलेल्या मोठ्या कामाकडे वळू. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सप्तर्षी बंदोपाध्याय आणि शशांक तामसकर या विमान-अवकाश अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये उपग्रह बांधायची कल्पना मांडली. इस्रोबरोबर २००९ मध्ये करार झाला आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३५ या अग्निबाणाने सुमारे १० किलो वजनाचा 'प्रथम' अवकाशात सोडला.

या छोट्या उपग्रहाने काय मोजायचे होते? पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या थराला आयनांबर म्हणतात. उपग्रहाकडून येणारा रेडिओ संदेश या थरातून येताना त्याच्या ध्रुवणाची दिशा फिरते आणि हे फिरणे संदेशाच्या वारंवारतेवर अवलंबून असते. 'प्रथम'ने दोन वेगळ्या वारंवारतांचे संदेश पाठवायचे आणि जमिनीवरील केंद्राने त्यांच्या ध्रुवणातील फरक मोजायचा, म्हणजे वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन भेटले याचा हिशेब लागतो. जीपीएसने दाखवलेल्या ठिकाणात आयनांबरामुळे चूक येते. ती सुधारायला ही माहिती उपयोगी पडते.

एवढ्याशा कामासाठी भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र अभियांत्रिकी, उष्णतेचे गणित, संगणकाची आज्ञावली आणि नियंत्रणशास्त्र हे सारे एका ठोकळ्यात बसवावे लागले. अँटेना बदलली की वजनाचा तोल बदलतो. तोल बदलला की उपग्रह स्थिर ठेवण्याचे गणित बदलते. त्यासाठी जास्त वीज लागली की सौरपट्ट्यांचा हिशेब बदलतो. कोणत्याही गटाला 'ते आमच्या विभागाचे काम नाही' असे म्हणून चालत नव्हते.

वर्तमानपत्रांत उड्डाणाच्या दिवसाची छायाचित्रे आली आणि ते योग्यच होते. पण शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी बाब वेगळी आहे. कल्पनेपासून उड्डाणापर्यंत नऊ वर्षे गेली आणि बी.टेक. चार वर्षांत संपते. ज्यांनी काम सुरू केले ते केव्हाच बाहेर पडले होते. ज्यांनी शेवटच्या चाचण्या केल्या ते सुरुवातीला शाळेत होते. म्हणजे हे काम एका तुकडीने दुसऱ्या तुकडीच्या हाती दिले म्हणूनच पूर्ण झाले. आधीच्यांनी काय करून पाहिले, कुठे अडले, कोणता पर्याय का सोडला, हे नंतरच्यांना कळल्याशिवाय असे काम चालूच शकत नाही. शिवाय या प्रकल्पाच्या उद्दिष्टांत विद्यार्थ्यांना उपग्रहाचे तंत्र शिकायला मिळणे हे स्वतंत्र उद्दिष्ट मानलेले होते. त्यामुळे उड्डाणाची तारीख पुढे गेली तरी मधल्या तुकड्यांची वर्षे वाया गेली असे म्हणता येत नाही.

या उदाहरणाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सगळ्या विद्याशाखा एका आवारात, निवासी विद्यार्थी आणि पाठीशी इस्रो, असे पाठबळ मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या महाविद्यालयाला कुठून मिळणार? दुसरे असे, की या कामात आलेले विषय बहुतांशी अभियांत्रिकीच्या घरातलेच होते. चुलतभावंडांनी एकत्र येणे सोपे असते. इतिहास आणि रसायनशास्त्र, मानसशास्त्र आणि सांख्यिकी यांची गाठ घालून देणे त्याहून अवघड आहे. म्हणून 'प्रथम'कडून उपग्रह उचलायचा नाही, काम पुढच्या हाती देण्याची रीत उचलायची. तिला पैसे लागत नाहीत.

साष्टीच्या वाटा

विलेपार्ल्याचे साठ्ये महाविद्यालय हे उपनगरातले नेहमीच्या घडणीचे महाविद्यालय आहे; तेथे प्राचीन भारतीय संस्कृतीचा विभाग आहे. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल शिक्षण विभाग आणि हा विभाग यांच्या सहभागाने २०१५-१६ पासून साष्टी बेटाचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण झाले. साष्टी म्हणजे आजची मुंबईची उपनगरे आणि ठाणे. विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक गावठाणांतून, पाड्यांतून, देवळांच्या आवारांतून हिंडले आणि वीरगळ, गधेगाळ, जुन्या मंदिरांचे अवशेष यांच्या नोंदी त्यांनी केल्या. गधेगाळ म्हणजे दान दिलेल्या जमिनीला हात लावणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड.

याच महाविद्यालयातील डॉ. सूरज पंडित यांच्या नेतृत्वाखाली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या परिसरात, आधी नोंद नसलेली सात लेणी सापडल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. या लेण्यांजवळ पाण्याची टाकी नाहीत आणि कान्हेरीला ती भरपूर आहेत. त्यावरून ही लेणी कान्हेरीच्याही आधीची असावीत असा तर्क मांडला गेला. इतिहासाचा हा तर्क पाण्याच्या आधाराने केलेला आहे, हे ध्यानात घ्यावे. किती पाऊस, कोणता खडक, कोणता उतार, पाणी किती दिवस पुरते, हे प्रश्न विचारले की पुरातत्त्वाचा विद्यार्थी आपोआप भूगोल आणि भूशास्त्राच्या दारात येतो.

या कामाची मला भावलेली बाजू म्हणजे येथे लहान नोंदही उपयोगी पडते. एका विद्यार्थ्याला एकच वीरगळ सापडला, तरी त्याचे ठिकाण, माप आणि छायाचित्र नीट असले तर ते मोठ्या नकाशात कायमचे बसते. त्याला वर्षाअखेर 'सिद्धान्त' सादर करावा लागत नाही. प्रश्न सर्वांचा असतो आणि वाटा प्रत्येकाचा. आणखी एक गोष्ट उपनगरी महाविद्यालयांनी लक्षात घ्यावी. कला, विज्ञान आणि वाणिज्य या तिन्ही शाखा एकाच छपराखाली असणे ही आपल्याकडे नेहमीची बाब आहे. मोठ्या तंत्रसंस्थांना जे विषय बाहेर शोधावे लागतात ते येथे एका जिन्याच्या अंतरावर असतात. तो जिना चढायची सवय मात्र नाही.

चौकटी, वेळ आणि टक्के

आता आपण देत असलेल्या पाठबळाकडे पाहू. महाराष्ट्रातील विद्यापीठांचा 'आविष्कार' हा संशोधन महोत्सव २००६ मध्ये सुरू झाला. पदवीच्या विद्यार्थ्यालाही आपले काम परीक्षकांपुढे मांडता येते, प्रश्नांना तोंड द्यावे लागते, ही त्याची मोठी देणगी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. परंतु त्याची रचना पाहा. वर्षानुवर्षे प्रवेशिका सहा गटांत घेतल्या गेल्या : मानव्यविद्या, भाषा व ललित कला, वाणिज्य, व्यवस्थापन व विधी, शुद्ध विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, वैद्यक व औषधनिर्माण. पिंपळाचा प्रश्न कोणत्या गटात टाकायचा? शुद्ध विज्ञानात टाकला तर सोसायटीतल्या लोकांच्या मुलाखती 'अशास्त्रीय' ठरण्याची भीती. मानव्यविद्येत टाकला तर चुना-सिमेंटची परीक्षा अनाकलनीय. शहाणा विद्यार्थी मग प्रश्नाचेच हातपाय तोडून तो एका चौकटीत बसवतो. चौकट कुणी वाईट हेतूने आखलेली नाही. पण चौकटीचा परिणाम हेतूवर अवलंबून नसतो.

स्पर्धेची दुसरी अडचण निकालाची. पोस्टरवर आकृती हवी, निष्कर्ष हवा. 'आम्ही आठ महिने मोजले आणि आमचा अंदाज चुकीचा निघाला' असे पोस्टर परीक्षकांना कितीही आवडायला हवे असले, तरी विद्यार्थी ते लावायला धजत नाही. मग अपेक्षित निष्कर्ष ज्याचा आधीच ठाऊक आहे असाच विषय निवडला जातो. अर्कांच्या प्रकल्पांचे मूळ येथे आहे.

वेळेच्या बाबतीत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये सुरू केलेला एनआययूएस हा उपक्रम चांगला धडा देतो. देशभरातील पदवीचे विद्यार्थी तेथे आधी परिचय शिबिराला येतात. त्यांतील काही जण पुढे सुट्ट्यांमध्ये पुनःपुन्हा येऊन एकाच प्रकल्पावर वर्ष-दोन वर्षे काम करतात. प्रश्न मुरायला मिळणारी ही सवड आपल्या सहा महिन्यांच्या सत्रात कुठेच नाही. अर्थात हा उपक्रमही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र असा विषयवारच चालतो. सवड आहे, पण भिंती आहेत.

तिसरी बाब टक्क्यांची. २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यालाच चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते. मार्गदर्शक थोडे आणि विद्यार्थी पुष्कळ, तेव्हा कुठेतरी गाळणी लावावी लागणार, हे समजते. पण ही गाळणी काय गाळते? तीन वर्षे ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरे उत्तम लिहिणारा विद्यार्थी तिच्यातून पलीकडे जातो. पहाटे दुकानात काम करून लेक्चरला येणारा, ६८ टक्के मिळवणारा, पण आपल्या वस्तीतल्या पाण्याच्या वेळा दोन वर्षे वहीत टिपून ठेवणारा विद्यार्थी अलीकडेच राहतो. संशोधनाची परीक्षा घ्यायची तर प्रश्नावरून आणि नोंदींवरून घ्यावी. दोन पानांचा प्रस्ताव, तीन महिन्यांच्या नोंदींची वही आणि अर्ध्या तासाचे बोलणे, एवढ्यावरून विद्यार्थ्याची कुवत टक्क्यांपेक्षा बरीच चांगली कळते.

आणि शिक्षकांचे काय? दुसऱ्या विभागातल्या विद्यार्थ्याबरोबर घालवलेला तास बहुतेक ठिकाणी शिक्षकाच्या कार्यभारात मोजला जात नाही. म्हणजे 'सिव्हिलवाल्यांना विचार' असे म्हणणारा शिक्षक आळशी नसतो. ज्या तासाची नोंद होत नाही तो तास त्याच्याकडे उरलेला नसतो. आराखड्यात आंतरविद्याशाखीय हा शब्द लिहायला जागा मिळाली, तशी वेळापत्रकात या तासाला मिळायला हवी.

गल्लीतले पाणी

उपनगरांत असे काम कसे दिसेल, त्याचे एक उदाहरण घेऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला फक्त सुमारे ७३ मिलिमीटर. अंतर जेमतेम २०-२५ किलोमीटर. ९४४ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस किलोमीटर जमिनीवर ९४ कोटी लिटरपेक्षा जास्त पाणी. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेल्या होत्या; १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस केली होती. २५ च्या वेगाने ९४४ मिलिमीटर पाणी काढायचे तर, सगळे काही सुरळीत असले तरी, सुमारे ३८ तास लागतात. येथवर आठवीच्या मुलालाही करता येईल असे गणित झाले.

पण माझ्याच गल्लीत पाणी का तुंबले आणि पलीकडच्या गल्लीत का नाही, हे या गणितातून कळत नाही. तेथे खरा प्रश्न सुरू होतो. इतिहासाचा विद्यार्थी जुने नकाशे पाहून शोधतो, की आज जेथे रस्ता आहे तेथे पूर्वी ओढा, तळे की मिठागर होते. भूगोलाचा विद्यार्थी उतार मोजतो. त्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. गवंडी तेच वापरतात. मराठीचा किंवा समाजशास्त्राचा विद्यार्थी जुन्या रहिवाशांना विचारून पाणी भिंतीवर कुठवर चढले होते त्याच्या खुणा नोंदवतो. प्रत्येकाची आठवण थोडी वेगळी निघते. आठवणींतला फरक हा दोष मानायचा की माहिती, यावर सांख्यिकीचा विद्यार्थी बोलू शकतो. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी खाडीकाठची खारफुटी कुठे राहिली आणि कुठे भराव पडला ते पाहतो. मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर या नद्यांचे काठ उपनगरांतल्या कित्येक महाविद्यालयांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मुलुंड-घाटकोपरचे नाले ठाण्याच्या खाडीला मिळतात. २००५ नंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, त्यामुळे आपल्या विभागातल्या पावसाचा आकडाही तुलनेसाठी मिळू शकतो.

हे काम एका सत्रात संपणार नाही आणि संपूही नये. पहिल्या वर्षीच्या तुकडीने फक्त उतार आणि खुणा नोंदवल्या, तरी पुरे. दुसऱ्या तुकडीने पावसाळ्यात कोणत्या तासाला पाणी आले आणि तेव्हा भरती होती की ओहोटी ते टिपावे. तिसऱ्या तुकडीच्या हाती कदाचित उत्तर लागेल. कदाचित आधीच्या दोघांच्या नोंदी अपुऱ्या होत्या हे कळेल. दोन्ही निष्कर्ष सारखेच मोलाचे आहेत, आणि दोन्ही गुण देण्याजोगे आहेत.

आपल्या हातातले

धोरणे बदलायला वेळ लागतो. तोवर एखाद्या महाविद्यालयाला तीन गोष्टी आजही करता येतील. प्रत्येक प्रकल्पाला एक मार्गदर्शक आणि एक 'परका' सल्लागार नेमावा; परक्याने सत्रात चारदा तासभर बसावे आणि तो तास कार्यभारात धरला जावा. दुसरे, अहवालाबरोबर कामाची वही मागावी आणि निम्मे गुण वहीला द्यावेत. वहीत तारखा, खाडाखोड, फसलेले प्रयत्न असतात. रेल्वे स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात अहवाल छापून, स्पायरल लावून मिळतो. वर्षभराची वही तेथे मिळत नाही. तिसरे, या वह्या ग्रंथालयात ठेवाव्यात आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्यांतला अपुरा राहिलेला प्रश्न पुढे न्यायची मुभा असावी. 'हा विषय गेल्या वर्षी झाला आहे' हे वाक्य तेवढे बंद करावे.

शाळेतल्या शिक्षकांना यात काय करता येईल, असे कुणी विचारील. माझ्या मते सुरुवात तेथेच आहे. महाविद्यालयात येणाऱ्या मुलाला प्रश्न पडत नाहीत अशी तक्रार आपण करतो. प्रश्न पडलेले असतात. ते कुठल्या तासाला विचारायचे हे त्याला कळलेले नसते. विज्ञानाच्या तासाला भूगोलाचा प्रश्न विचारला तर 'तो विषय त्या सरांना विचार' असे सहावीतच त्याच्या कानावर पडते आणि दहा वर्षांनी तेच वाक्य तो महाविद्यालयात पुन्हा ऐकतो. वर्गात एक सामाईक प्रश्नवही ठेवावी, तिच्यावर विषयाचे नाव लिहू नये आणि महिन्यातून एकदा दोन वेगळ्या विषयांच्या शिक्षकांनी मिळून तिच्यातला एकच प्रश्न वर्गापुढे घ्यावा. उत्तर आलेच पाहिजे असे नाही. शिक्षकही एकमेकांना विचारतात, हे मुलांना दिसले तरी पुष्कळ झाले.

ज्या शाळा-महाविद्यालयांत असे काही चालू असेल, त्यांनी ते या मासिकाकडे जरूर लिहून पाठवावे. फसलेल्या प्रयत्नांची माहितीही तितकीच उपयोगी पडेल.